लाटण्याने सोडवलेले कोडे

आकाशातला एखादा धोंडा स्वतःभोवती किती वेगाने गिरक्या घेतो, हे सोलापुरातल्या माळवदावर बसून मोजता येईल काय? २०१९ च्या जानेवारीत मी तो उद्योग केला.

इरॉस नावाचा लघुग्रह १५ जानेवारीला पृथ्वीपासून सुमारे ३ कोटी १० लक्ष किलोमीटरवर येणार होता. इकडे सिद्धेश्वरांचा गड्डा भरलेला. घरची मंडळी यात्रेला गेली आणि मी सहा इंची दुर्बिणीला डोळा लावून वर बसलो!

दुर्बिणीतूनही इरॉस ठिपक्याएवढाच दिसतो. तेव्हा तो या ताऱ्याहून उजळ, त्या ताऱ्याहून मंद, असे ताडून दर दहा मिनिटांनी वहीत टिपायचे. ठिपका खरोखरच उजळे, मंदावे, पुन्हा उजळे. दोन उजाळ्यांमधले अंतर भरले अडीच तासांहून थोडे अधिक. मी खूश! पण पुस्तकात पाहतो तो गिरकी ५ तास १६ मिनिटांची. जवळजवळ दुप्पट!

सकाळी सौभाग्यवतींनी ही रडकथा ऐकली आणि हातातले लाटणे मधोमध धरून खिडकीतल्या उन्हात गोल फिरवले. "अहो, आडवे आले की मोठे दिसते, टोक समोर आले की लहान. एका गिरकीत दोनदा मोठे, दोनदा लहान. तुम्ही अर्धीच मोजलीत!"

इरॉस आहेच लाटण्यासारखा. लांबी सुमारे ३४ किलोमीटर, जाडी ११. त्याचा प्रकाश असा कमीजास्त होतो, हे १९०१ साली ऑस्ट्रियाच्या फोन ओपोल्झर यांनी प्रथम टिपले.

"पण याचा उपयोग काय हो?" पुढचा प्रश्न आलाच.

उपयोग असा: काहीशे मीटरहून मोठे लघुग्रह सव्वादोन तासांच्या आत गिरकी पुरी करताना क्वचितच आढळतात. कारण त्यांतले पुष्कळसे म्हणजे सैल दगडगोट्यांचे ढीग. अधिक वेगाने फिरले तर उधळायचेच. आपले लोणारचे विवर अशाच एका पाहुण्याने पाडले. पुढचा पाहुणा अखंड शिळा आहे की ढीग, हे त्याला वाटेतून ढकलण्याआधी कळायला हवे.

सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने 'डार्ट' यान डिमॉर्फस या चिमुकल्या गोळ्यावर आदळवले. डिडिमॉस लघुग्रहाभोवतीची त्याची ११ तास ५५ मिनिटांची प्रदक्षिणा सुमारे ३२ मिनिटांनी आखडली. तेही उमगले मुख्यतः असाच प्रकाश मोजून!

ही बातमी मी घरात मोठ्याने वाचून दाखवली. मग जुनी वही काढून त्या पानाखाली लिहिले: निरीक्षण माझे, हिशेब सौभाग्यवतींचा.