अमेरिकेचा निकाल कोण लावतं?

मतमोजणीचा दिवस आपल्या चांगला ओळखीचा. फेरीमागून फेरी, कुणी आघाडीवर, कुणी पिछाडीवर, आणि शेवटी निवडणूक निर्णय अधिकारी विजयी उमेदवाराच्या हाती प्रमाणपत्र देतात. गुलाल त्याआधीच उधळून झालेला असला, तरी खरा शिक्का त्या कागदाचाच.

आता हाच प्रश्न अमेरिकेला विचारू. अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या रात्री ‘अमुक जिंकले’ असं तिथे कोण जाहीर करतं? निवडणूक आयोग? फेडरल इलेक्शन कमिशन नावाची संस्था आहे खरी, पण तिचं काम प्रचाराच्या पैशांवर नजर ठेवण्याचं. ती एकही मत मोजत नाही. मग सरकार? न्यायालय? तेही नाही. सरकारी शिक्क्यानिशी त्या रात्री कुणीच काही सांगत नाही. सांगतात ते पत्रकार! आणि सगळं जग ते मानून मोकळं होतं.

हे कसं काय? तिथे निवडणूक घेतं ते प्रत्येक राज्य. मतं मोजली जातात 3,000 हून अधिक काउंट्यांमध्ये, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांमध्ये. राज्यागणिक नियम वेगळे, वेळापत्रकं वेगळी. कायद्याच्या भाषेत अध्यक्ष ठरतो तो डिसेंबरात राज्याराज्यांचे प्रतिनिधी मत देतात आणि 6 जानेवारीला अमेरिकी संसद ती मतं मोजते तेव्हा. मतदान नोव्हेंबरात, शिक्का जानेवारीत. मधले दोन महिने लोकांनी नखं कुरतडत बसायचं का? ही पोकळी बातमीदारांनी भरून काढली. कधीपासून? 1848 पासून!

त्याआधी दोनच वर्षं, 1846 मध्ये, मेक्सिकोशी युद्ध पेटलं होतं. रणांगणावरच्या बातम्या न्यूयॉर्कला आणायच्या तर घोडेस्वार ठेवावे लागत, आणि हा खर्च एकेकट्या वर्तमानपत्राला झेपणारा नव्हता. मग एरवी एकमेकांवर कुरघोडी करणारी पाच पत्रं एकत्र आली. त्यातून जन्मली असोसिएटेड प्रेस, म्हणजे ‘एपी’. गंमत अशी, की ही आजही कुणा शेठजींची कंपनी नाही. ती चक्क सहकारी संस्था आहे. आपला दूध संघ आठवा: गोठे ज्याचे त्याचे, डेअरी सगळ्यांची. इथे दुधाच्या जागी बातमी.

1848 ची निवडणूक आणखी एका अर्थानं नवी होती. तोवर राज्यं आपापल्या सोयीनं महिनाभराच्या मुदतीत केव्हाही मतदान उरकत. 7 नोव्हेंबर 1848 ला पहिल्यांदाच सगळा देश एकाच दिवशी मतदानाला उभा राहिला. तारायंत्र नुकतंच आलेलं. एपीनं ठिकठिकाणचे आकडे तारेनं मागवून बेरजा मांडल्या. 72 तास लागले आणि तारांचं बिल 1,000 डॉलरांच्या वर गेलं. झॅकरी टेलर जिंकल्याचं कळलं ते या खटाटोपातून.

आज तारा गेल्या, माणसं मात्र राहिली. निवडणुकीच्या रात्री एपीचे सुमारे 4,000 स्थानिक वार्ताहर काउंट्यांच्या कचेऱ्यांत ठाण मांडून बसतात आणि आकडे हाती आले की फोन करतात. पलीकडचा माणूस ते टिपताना उलटे प्रश्न विचारतो: हा आकडा एवढा मोठा कसा? मागच्या वेळी तर इतकी मतंच पडली नव्हती!

पण खरी जादू पुढे आहे. काही राज्यांत मतदान संपतं त्याच क्षणी विजेता जाहीर होतो. एकही मत मोजलेलं नसताना! ही भविष्यवाणी नव्हे, ही शितावरून भाताची परीक्षा. मतदारांची मोठी पाहणी आधीच झालेली असते आणि त्या राज्याचा आजवरचा कल माहीत असतो. 1952 मध्ये सीबीएस वाहिनीनं हे काम युनिव्हॅक नावाच्या अवाढव्य संगणकाला दिलं. मोजकीच मतं हाती असताना त्यानं आयझेनहॉवर यांना राज्यांच्या प्रतिनिधींची 438 मतं देऊन टाकली. लढत चुरशीची होणार असं जाणकार सांगत होते, म्हणून वाहिनीनं आधी ते उत्तर दाबूनच ठेवलं. प्रत्यक्षात आयझेनहॉवर यांना किती मिळाली? 442.

मात्र शिताची परीक्षा खरी ठरते ती पातेलं सगळीकडून सारखं शिजलेलं असेल तरच. 2020 मध्ये पेन्सिल्व्हेनियात टपालानं आलेली मतपाकिटं मतदानाच्या दिवसापर्यंत उघडायचीच नाहीत, असा नियम होता. त्यामुळे वरच्या थरात ट्रम्प पुढे दिसत होते, आणि तळातून टपालाची मतं निघू लागली तसे बायडेन वर आले. म्हणूनच निकाल जाहीर करणाऱ्या टेबलावर ‘पुढे कोण आहे?’ हा प्रश्न नसतो. प्रश्न असतो, ‘मागचा आता गाठू शकेल का?’ उत्तर ठाम ‘नाही’ असेल तरच घोषणा. 3 नोव्हेंबरच्या मतदानाचा निकाल त्यामुळे 7 तारखेला जाहीर झाला.

हा प्रश्न विसरला की काय होतं, हे 2000 साली दिसलं. ज्यावर सगळा निकाल अडला होता ते फ्लोरिडा राज्य वाहिन्यांनी आधी अल गोर यांना दिलं, मग परत घेतलं आणि मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास बुश यांना देऊन टाकलं. गोर यांनी ते ऐकलं, बुश यांना फोन करून अभिनंदन केलं आणि पराभव मान्य करणाऱ्या भाषणासाठी नॅशव्हिलच्या पावसात गाडीत बसले. विचार करा, अमेरिकेचा उपाध्यक्ष टीव्हीवरच्या एका वाक्यावर हार पत्करायला निघाला होता!

बुश यांच्या विजयाबाबत एपी मात्र गप्प होती. वोलुशिया काउंटीतल्या एका चुकीनं गोर यांची 16,000 हून अधिक मतं बेरजेतून वजा झाली होती. ती चूक निस्तरली आणि बुश यांची आघाडी आटत गेली. व्यासपीठ काही पावलांवर असताना सहकाऱ्यांनी गोर यांना थांबवलं. त्यांनी पुन्हा फोन लावला आणि दिलेला शब्द परत घेतला. पुढे फेरमोजणी, कोर्टकचेऱ्या आणि 12 डिसेंबरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. सुमारे 60 लाख मतांत अंतिम फरक उरला 537 मतांचा.

मागचा गाठू शकेल का? त्या पहाटे याचं उत्तर ‘हो’ असं होतं. बाकी सगळे बोलून मोकळे झाले होते. दीडशे वर्षं आकडे मांडत आलेलं ते टेबल तेवढं बेरीज करत बसलं होतं.