पाय ताजे, डोकं दमलेलं

हिंजवडीच्या आयटी पार्कमधून सुटल्यावर माण, घोटावडे, पिरंगुट करत सायकल हाणणारे मुळशी तालुक्यात बरेच आहेत. दिवसभर खुर्चीत बसूनही संध्याकाळी नेहमीचा चढ अंगावर येतो, हा त्यांच्यातल्या अनेकांचा अनुभव. याला आळस म्हणून मोकळं होणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

डोक्याच्या कामाने अंगही थकतं, हे इटलीतल्या तुरिनचे शरीरशास्त्रज्ञ अँजेलो मोसो यांनी 1891 च्या ग्रंथात नोंदवलं होतं. मधल्या बोटाने वजन पुन्हा पुन्हा उचलायला लावणारं यंत्र त्यांनी बनवलं. तोंडी परीक्षा घेऊन आलेल्या सहकारी प्राध्यापकाचं बोट त्यावर लवकर थकलं.

2009 मध्ये सामुएले मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी वेल्समध्ये 16 जणांना एकदा दीड तास संगणकावर एकाग्रतेचं किचकट काम दिलं, एकदा तेवढाच वेळ माहितीपट दाखवला. दोन्ही वेळा त्यानंतर दमछाक होईपर्यंत सायकल. माहितीपटानंतर ते सरासरी 12 मिनिटं 34 सेकंद टिकले, किचकट कामानंतर 10 मिनिटं 40 सेकंद. गंमत पुढेच आहे. हृदयाचे ठोके, रक्तातलं लॅक्टेट यांत असं काहीच नव्हतं ज्यावर बोट ठेवावं. ईर्ष्याही तेवढीच होती. फक्त तेच पेडल पहिल्यापासून जड वाटत होतं, आणि ‘आता बस्स’ ही घडी लवकर आली. एका झटक्यात लावायच्या जोरावर मात्र अशा थकव्याचा फारसा परिणाम होत नाही. फटका बसतो तो दमाच्या कामाला. पुढच्या काही अभ्यासांत तो कमी भरला, हेही सांगायला हवं.

विचारांचंही तसंच. पॅरिसमधल्या 2022 च्या अभ्यासात दिवसभर अवघड बौद्धिक काम केलेल्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात ग्लुटामेट हे रसायन साचलेलं आढळलं. कमी कष्टाचा, लगेच हाती येणारा फायदा ते निवडू लागले. चढाच्या पायथ्याशी सायकल वळवण्याचा मोह यापेक्षा फार वेगळा नसावा.

म्हणून कस लावणारं सायकलिंग सकाळी ठेवा, मीटिंगांच्या दिवशी संध्याकाळी हलकी फेरी पुरे. आणि रात्रभर सॉफ्टवेअरचं रिलीज सांभाळून पहाटे ताम्हिणी घाट गाठू नका. ओल्या उतारावर ब्रेक वेळेत दाबायचा, तर आधी डोकं जागं हवं. त्या दिवशी झोप काढा.