फोन बदलला तर 'अमर्याद' योजनेचे काय होते?

आपल्याकडे मोबाइल फोन बदलणे ही फारशी मोठी गोष्ट नाही. जुन्या फोनमधले सिम कार्ड काढायचे, नव्या फोनमध्ये घालायचे, की झाले. क्रमांक तोच, पैसे भरून घेतलेली योजनाही तीच. आठवीतला मुलगासुद्धा आजोबांना हे काम करून देतो. मग २०१२ साली अमेरिकेतल्या लक्षावधी ग्राहकांना 'नवा फोन घेतला तर माझी अमर्याद डेटा योजना जाईल' ही धास्ती का पडली होती? तिथले फोन वेगळे नव्हते, सिम कार्डही तेच होते. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात कोणी नातेवाईक असतील तर त्यांना त्या काळातल्या फोनखरेदीबद्दल विचारून पाहा. आपली योजना ठेवण्यासाठी पूर्ण किमतीचा फोन घेतलेला एखादा माणूस सहज भेटेल.

ही हकीकत आम्ही मुद्दाम निवडली आहे. तिच्यात थोडे रेडिओचे भौतिकशास्त्र आहे, थोडे गूढलेखनशास्त्र आहे आणि नववीच्या विद्यार्थ्याला जमेल असे गणितही आहे.

प्रथम घडले काय ते पाहू. २००७ च्या जूनमध्ये आयफोन बाजारात आला, तो एटी अँड टी कंपनीच्या अमर्याद डेटा योजनेसह. तोपर्यंत फोनवर इंटरनेट वापरणारे लोक थोडे होते आणि 'हवे तितके वापरा' असे म्हणायला कंपन्यांना काही जड जात नव्हते. तीनच वर्षांत चित्र पालटले. ७ जून २०१० पासून एटी अँड टीने नव्या ग्राहकांसाठी अमर्याद योजना बंद केली. त्या वेळी कंपनीने सांगितले की तिचे ९८ टक्के स्मार्टफोनधारक महिन्याला २ जीबीपेक्षा कमीच डेटा वापरतात. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे तो लागणार आहे. ७ जुलै २०११ ला व्हेरायझन कंपनीनेही तेच केले. जुन्या ग्राहकांची महिना ३० डॉलरची अमर्याद योजना मात्र दोन्ही कंपन्यांनी काढून घेतली नाही.

खरी मेख पुढच्या वर्षी मारली गेली. २८ जून २०१२ पासून व्हेरायझनने नियम केला की जुन्या ग्राहकाने सवलतीच्या किमतीत नवा फोन घेतला, तर त्याला मोजून डेटा देणाऱ्या नव्या योजनेत यावे लागेल. पूर्ण किंमत मोजून फोन घेतला, तर जुनी योजना राहील.

ही सवलत म्हणजे काय, ते आपल्या वाचकांना थोडे समजावून सांगायला हवे, कारण आपल्याकडे फोन आणि सेवा बहुधा वेगवेगळ्या दुकानांतून घेतली जाते. अमेरिकेत त्या काळी कंपनी ग्राहकाशी दोन वर्षांचा करार करी आणि त्या बदल्यात फोन स्वस्त देई. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या आयफोन ५ ची किंमत करारावर १९९ डॉलर होती, कराराशिवाय ६४९. मधले ४५० डॉलर कंपनी दानधर्म म्हणून सोडत नव्हती. ते मासिक बिलातून वसूल होत. गंमत अशी की पूर्ण किंमत देणाऱ्याचे मासिक बिल मात्र कमी होत नसे. म्हणजे सवलत न घेणाराही दरमहा सवलतीचा हप्ता भरतच होता!

आता फोनच्या आत डोकावू. आपण फोन आणि सेवा यांना एकच समजतो, पण मोबाइल जाळ्याच्या दृष्टीने त्या दोन स्वतंत्र वस्तू आहेत. प्रत्येक फोनला पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक असतो. *#०६# ही अक्षरे दाबली की तो पडद्यावर दिसतो. ही झाली यंत्राची ओळख. ग्राहकाची ओळख असते सिम कार्डात. तोही पंधरा अंकांपर्यंतचा क्रमांक असतो, पण वेगळा. त्याचे पहिले तीन अंक देश सांगतात. भारतासाठी ४०४ आणि ४०५ वापरतात, तर अमेरिकेसाठी ३१० पासूनचे काही.

पण नुसत्या क्रमांकावर कोणी विश्वास ठेवील काय? तो कोणीही नक्कल करू शकेल. म्हणून सिम कार्डात १२८ बिटांची एक गुप्त किल्ली असते आणि तिची एक प्रत कंपनीच्या संगणकात असते. फोन सुरू झाला की जाळे त्याला एक यादृच्छिक संख्या पाठवते. सिम ती संख्या आणि आपली किल्ली यांवर ठरावीक गणित करून उत्तर परत पाठवते. कंपनीचा संगणकही तेच गणित करतो. दोन्ही उत्तरे जुळली, की ग्राहक खरा ठरतो. या सगळ्यात किल्ली स्वतः कधीच हवेतून जात नाही, त्यामुळे मध्ये कोणी चोरून ऐकले तरी त्याच्या हाती काही लागत नाही. अमुक ग्राहकाला कोणती योजना, हे कंपनीच्या खात्यात लिहिलेले असते. ते फोनमध्ये नसते आणि खरे तर सिममध्येही नसते. सिम फक्त त्या खात्याचे दार उघडते. आता काही फोनमध्ये सिमसाठी खाचच नसते (अमेरिकेत विकला गेलेला २०२२ चा आयफोन १४ असाच होता). तिथेही किल्ली असतेच, ती फक्त फोनमध्येच बसवलेल्या चकतीत ठेवलेली असते.

म्हणून पूर्ण किमतीचा फोन आणून त्यात जुने सिम घातले, की योजना आपोआप टिके. खात्यात कोणी हातच लावलेला नसे. सवलतीचा फोन घेताना मात्र ग्राहक नव्या करारावर सही करी आणि त्या सहीने खात्यातली नोंद बदले. योजना जाई ती सहीने, फोन बदलल्याने नव्हे. काही चतुर कुटुंबांनी यातून वाटही काढली. एकाच खात्यावर चार जणांचे क्रमांक असत. ज्याची योजना अमर्याद नाही अशा एखाद्याच्या, समजा आजीच्या, क्रमांकावर सवलतीचा फोन घ्यायचा आणि मग त्यात आपले सिम घालायचे!

अर्थात अडचणीही होत्या. आयफोन ५ मध्ये आधीपेक्षा लहान, नॅनो आकाराचे सिम लागे, त्यामुळे नवे सिम घेऊन ते जुन्या खात्याला जोडून घ्यावे लागे. शिवाय फोनला योग्य वारंवारता ऐकू यायला हवी. व्हेरायझन आणि एटी अँड टी या दोघांचे फोर-जी ७०० मेगाहर्ट्झच्या आसपास चाले, पण वेगवेगळ्या पट्ट्यांत. त्यामुळे एकाचा आयफोन ५ दुसऱ्याच्या फोर-जीवर चालत नसे.

व्हेरायझनने तो पट्टा २००८ च्या सरकारी लिलावात सुमारे ४.७४ अब्ज डॉलरना घेतला होता आणि त्यावर सरकारने एक अट घातली होती. ग्राहकाने आणलेले कोणतेही योग्य उपकरण कंपनीने अडवायचे नाही. एरवी रूक्ष वाटणाऱ्या या कलमाचा जुन्या ग्राहकांना मोठाच आधार झाला.

पण कंपन्यांना अमर्याद योजना नकोशी का झाली? निव्वळ लोभ, असे उत्तर द्यायला सोपे आहे आणि त्यात काही अंशी तथ्यही आहे. तरीही मूळ कारण हवेत आहे. १९४८ साली क्लॉड शॅनन यांनी दाखवून दिले की कोणत्याही संदेशमार्गाला माहिती वाहण्याची एक कमाल मर्यादा असते. पट्ट्याची रुंदी घ्यायची. संकेताची शक्ती भागिले गोंगाटाची शक्ती हे गुणोत्तर काढायचे, त्यात १ मिळवायचा आणि २ पायाचा लॉगरिथम घ्यायचा. त्याने रुंदीला गुणले की सेकंदाला जास्तीत जास्त किती बिट जातील ते मिळते. व्हेरायझनच्या फोर-जीत टॉवरकडून फोनकडे येणारा पट्टा १० मेगाहर्ट्झचा होता. टॉवरपासून दूर, जिथे संकेत आणि गोंगाट सारखेच, तिथे हे उत्तर १० मेगाबिट येते. संकेत तिप्पट असेल तर २०, पंधरापट असेल तर ४०. शक्ती पाचपट वाढली, पण वेग फक्त दुप्पट झाला, हे विद्यार्थ्यांना अवश्य दाखवावे.

ढोबळमानाने सेकंदाला २० मेगाबिट धरू. हा वेग एका माणसाचा नव्हे. टॉवरच्या एका बाजूला जितके लोक त्या पट्ट्यावर आहेत, त्या सगळ्यांनी मिळून तो वाटून घ्यायचा. एकाच विहिरीवर अख्खी आळी पाणी भरते, तसे हे आहे. महिन्यात सुमारे २५ लाख ९२ हजार सेकंद असतात. तेवढा वेळ सेकंदाला २० मेगाबिट अखंड वाहिले, तर ६,४८० जीबी होतात. टॉवरच्या त्या बाजूची महिन्याची सगळी मिळकत एवढीच. म्हणजे 'अमर्याद' योजनेलाही मर्यादा असतेच. वेग गुणिले वेळ, याच्या पलीकडे कोणी जाऊ शकत नाही. आपल्याकडच्या अनेक 'अनलिमिटेड' योजनांत रोजचा कोटा संपला की वेग सेकंदाला ६४ किलोबिटवर येतो. तेवढ्या वेगाने चोवीस तास अखंड डेटा उतरवला तर किती होईल, हे वर्गात जरूर काढून पाहावे. उत्तर ०.६९ जीबीच्या आसपास येते.

कंपनीला मोजमाप हवे असते ते या विहिरीमुळे. पण त्यासाठी दिलेला शब्द वाकवावा काय? एटी अँड टीने तसे केले. जुन्या अमर्याद ग्राहकांनी महिन्याला ठरावीक डेटा ओलांडला, की २०११ पासून त्यांचा वेग कमी केला जाऊ लागला. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये खटला भरला. त्यात म्हटले होते की निदान ३५ लाख ग्राहकांना याची झळ लागली आणि काहींचा वेग ८० ते ९० टक्क्यांनी घटला. २०१९ साली ६ कोटी डॉलर देऊन कंपनीने तडजोड केली. आमच्या मते इथे दोष गर्दीच्या वेळी वेग वाटून देण्यात नव्हता. ग्राहकाला ते नीट न सांगता 'अमर्याद' हा शब्द विकत राहण्यात होता. व्हेरायझननेही २०१४ मध्ये फोर-जीवरच्या जुन्या अमर्याद ग्राहकांपैकी भरपूर वापर करणाऱ्यांचा वेग गर्दीच्या ठिकाणी उतरवण्याचे ठरवले होते. संदेशवहन आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष टॉम व्हीलर यांनी जाहीर आक्षेप घेतला आणि १ ऑक्टोबरला कंपनीने बेत सोडला.

आता मुख्य प्रश्नाचे गणित. २०१२ चे व्हेरायझनचे दर घेऊ. जुन्या योजनेत ४५० मिनिटांचे बोलणे सुमारे ४० डॉलर, संदेश २० आणि अमर्याद डेटा ३०, असे महिना ९० डॉलर. नव्या योजनेत स्मार्टफोनचे ४० आणि वर डेटाचे. २ जीबीला ६०, ४ जीबीला ७०, १० जीबीला १००. बोलणे आणि संदेश त्यातच, कितीही. कर सोडून देऊ. २ जीबी वापरणाऱ्याला नवी योजना महिना १० डॉलरने महाग पडते, म्हणजे दोन वर्षांत २४० डॉलरने. जुनी योजना राखण्यासाठी तो फोनवर ४५० जादा देणार. हा व्यवहार तोट्याचा. ४ जीबीवाल्याचा फरक ४८० होतो, म्हणजे जेमतेम बरोबरी. १० जीबीवाल्याचा १,२०० होतो, त्याने डोळे मिटून पूर्ण किमतीचा फोन घ्यावा. आणि मघाचा ९८ टक्क्यांचा आकडा आठवा. तो दुसऱ्या कंपनीचा आणि दोन वर्षे आधीचा होता हे खरे, आणि वापर झपाट्याने वाढतही होता. तरीही योजना राखण्यासाठी धडपडणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी न वापरलेल्या डेटासाठी पैसे मोजले असणार.

पुढे तराजू आणखी झुकत गेला. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये व्हेरायझनने जुन्या अमर्याद योजनेचे ३० चे ५० डॉलर केले. २०१६ मध्ये महिना १०० जीबीहून अधिक वापरणाऱ्यांना, आणि २०१७ च्या सुरुवातीला २०० जीबीच्या वरच्यांना, योजना बदला नाही तर सेवा बंद होईल, असे कळवले गेले. वरच्या ६,४८० जीबीशी हे आकडे ताडून पाहा. असे तीसएक ग्राहक एका बाजूला एकत्र आले, की विहीर कोरडी पडते.

आणि मग १३ फेब्रुवारी २०१७ ला व्हेरायझनने अमर्याद योजना सर्वांसाठी पुन्हा आणली. एका फोनला, बोलणे आणि संदेश धरून, महिना ८० डॉलर. तोवर पट्टे वाढले होते, तंत्र सुधारले होते आणि स्पर्धक कंपन्या अमर्याद योजना देऊन ग्राहक ओढत होत्या. पाच वर्षे जिवापाड जपलेली जुनी योजना आता ११० डॉलरला पडत होती. तरी काहींनी ती सोडली नाही. नव्या योजनेत २२ जीबी संपल्यावर गर्दीच्या वेळी मागे उभे राहावे लागेल अशी अट होती. जुन्या कागदावर ती नव्हती.