तुलुवाटचा सातबारा

२१ ऑक्टोबर २०१९ रोजी कॅलिफोर्नियातल्या युरेका शहराच्या नगरपालिकेने दोनशे एकरांहून अधिक जमीन वियोट आदिवासींच्या नावावर करून दिली. पालिका कुठला खटला हरली नव्हती, वरून कुणाचा हुकूमही आला नव्हता. डिसेंबर २०१८ मध्ये नगरसेवकांनी एकमताने ठराव केला आणि दहा महिन्यांनी खरेदीखतासारख्या साध्या दस्तावर सह्या झाल्या. पंचवीस-सव्वीस हजार वस्तीच्या, लाकूड आणि मासेमारीवर वाढलेल्या गावाने हे केले, म्हणून ही हकीकत मला फार मोलाची वाटते.

ही जमीन म्हणजे युरेकासमोर हम्बोल्ट उपसागरात पसरलेले दलदलीचे, सखल बेट. नकाशांवर त्याचे नाव वर्षानुवर्षे ‘इंडियन आयलंड’ असे छापले गेले. त्याच्या उत्तर टोकावर वियोटांचे तुलुवाट हे गाव होते. हजार वर्षांहून अधिक काळ माणसांनी खाल्लेल्या शिंपल्यांचा थर साचत साचत तिथे सुमारे सहा एकरांचा उंचवटा तयार झाला. पूर्वजांना त्याच्याच पोटात पुरलेले. दरवर्षी या जागी जगाच्या नवीकरणाचा सोहळा होई. वियोटांच्या श्रद्धेप्रमाणे त्यांच्या जगाचे केंद्र इथे आहे, आणि इथल्या नृत्य-प्रार्थनांनी साऱ्या सृष्टीचा तोल पुन्हा सावरतो. सोहळा कित्येक दिवस चाले आणि शेजारच्या जमातीही येत.

१८६० च्या फेब्रुवारीत असाच सोहळा चालू होता. २६ तारखेच्या पहाटे, बरेचसे पुरुष सामान आणायला गेलेले असताना, गोऱ्या वसाहतवाल्यांची एक टोळी होड्यांतून बेटावर उतरली. युरेकापर्यंत आवाज जाऊ नये म्हणून त्यांनी मुख्यतः कुऱ्हाडी आणि सुरे वापरले. मेलेल्यांत बायका, मुले आणि म्हातारी माणसेच जास्त होती. त्याच सुमारास आसपासच्या इतर वस्त्यांवरही हल्ले झाले. मृतांच्या आकड्यांवर इतिहासकारांचे एकमत नाही. पण एकाही मारेकऱ्यावर खटला चालला नाही, यावर आहे. शेजारच्या गावातल्या ‘नॉर्दर्न कॅलिफोर्नियन’ या पत्राचे संपादक बाहेरगावी होते. त्यांच्या जागी काम पाहणाऱ्या ब्रेट हार्ट या तरुणाने या हत्याकांडाचा कडक निषेध छापला. त्यानंतर महिन्याभरात त्याला ते गाव सोडावे लागले. पुढे तो अमेरिकेचा नामांकित कथाकार झाला.

वाचलेल्या वियोटांना आधी लष्करी ठाण्यात ठेवले, मग दूरच्या राखीव जमिनींवर हाकलले. बेटावर बांध घालून गाईगुरांची कुरणे झाली. शिंपल्यांच्या उंचवट्यावरच जहाजदुरुस्तीचा कारखाना उभा राहिला आणि तो शतकाहून अधिक काळ चालला. हौशी संग्राहकांनी कबरी उकरल्या. १९६४ मध्ये केंद्र सरकारने ही जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर केली, तरी लाकूड टिकवण्याची रसायने आणि जड धातू त्या मातीत मुरतच राहिले. त्याच काळात, १९६१ मध्ये, केंद्राने वियोट जमातीची अधिकृत मान्यताच काढून घेतली होती. ती न्यायालयीन लढ्यानंतर १९८१ मध्ये परत मिळाली. दगडमातीला संरक्षणाचा दर्जा आणि तिच्या वारसांना मात्र अस्तित्वच नाही, असा हा कारभार होता.

१९९२ मध्ये शेरिल साइडनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटाजवळ मेणबत्त्या लावून मृतांसाठी जागर सुरू केला. साइडनर यांचे पणजोबा जेरी जेम्स हे त्या पहाटे वाचलेले तान्हे मूल. योगायोग असा, की त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्याच बर्कली शहराने कोलंबस दिनाऐवजी मूलनिवासी लोकांचा दिवस साजरा करायला सुरुवात केली आणि पुढे अनेक शहरांनी त्याचे अनुकरण केले. अशा ठरावांना मी कमी लेखत नाही. शाळेतल्या मुलाला आपल्या लोकांचे नाव दिनदर्शिकेत दिसावे, याला किंमत आहे. पण ठराव करून शहराची एक वीतही जमीन कमी होत नाही. युरेकात प्रश्न जमिनीचाच होता, कारण सोहळा दुसरीकडे नेता येत नव्हता.

म्हणून वियोटांनी पैसे जमवायला सुरुवात केली. तळलेल्या पावाच्या, टी-शर्टांच्या आणि भित्तिपत्रकांच्या विक्रीतून थोडेथोडे साठवत २००० मध्ये १,०६,००० डॉलर देऊन त्यांनी बेटावरची दीड एकर जागा विकत घेतली. जी जागा कधी विकलीच नव्हती, तिची किंमत त्यांनाच मोजावी लागली! मग पालिकेशी बोलणी झाली आणि २००४ मध्ये नगरसेवकांनी आणखी सुमारे चाळीस एकर परत दिले. दुसऱ्यांनी टाकलेले विष उपसण्याचे कामही जमातीनेच अंगावर घेतले. केंद्राच्या पर्यावरण खात्याची मदत मिळाली, स्वयंसेवकही आले. कारखान्याचे सांगाडे, भंगार आणि दूषित माती काढायला दहा-बारा वर्षे गेली. खाली पूर्वज असल्यामुळे खोदकाम जपून करावे लागले. १८६० मध्ये अर्धवट राहिलेला सोहळा १५४ वर्षांनी, मार्च २०१४ मध्ये, तिथे पूर्ण झाला.

२०१९ च्या दस्ताने पालिकेकडे उरलेला मोठा भाग जमातीकडे आला. त्यावर शहराने अटी घातल्या नाहीत. तिथे काय करायचे, कधी करायचे, कुणाला येऊ द्यायचे, हे आता जमातीची परिषद ठरवते. हस्तांतर करताना देणारा नियंत्रण हातात ठेवतो का, हे मी पहिल्यांदा पाहतो, आणि इथे ते ठेवलेले नाही.

बेटावर अजून थोडे खासगी तुकडे आहेत आणि त्याच्यावरून १९७१ पासून मोटारींचा पूल जातो. हम्बोल्ट परिसरातले काही रहिवासी आणि दुकानदार दरवर्षी स्वेच्छेने वियोट जमातीला ‘सन्मान-कर’ भरतात. किती भरायचा, हे ज्याचे त्याने ठरवायचे, आणि त्या पैशाचे काय करायचे, हे जमातीने.