न्यूरोसर्जरीचे प्रशिक्षण : शोहरत पाहावी की हुनर?

डॉक्टर होण्याचे स्वप्न पाहणारी मुले-मुली आपल्या समाजात पूर्वी बोटांवर मोजण्याइतकी असत. आता तसे राहिलेले नाही. एमबीबीएस झालेली, त्यापुढे एमडी, एमएस करणारी मुले मोहल्ल्यामोहल्ल्यात दिसू लागली आहेत, अल्हम्दुलिल्लाह. पूर्वी पालक विचारत, ‘प्रवेश मिळेल का?’ आता विचारतात, ‘कुठे घ्यावा?’ या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणारे कोणी घरात नसते, कारण बहुतेक घरांत तो मुलगा किंवा ती मुलगी खानदानातली पहिलीच डॉक्टर असते.

आमची एक माजी विद्यार्थिनी जनरल सर्जरीत एमएस झाली. पुढे तिला मेंदू आणि मणक्याची शस्त्रक्रिया, म्हणजे न्यूरोसर्जरी शिकायची होती. परीक्षेत गुण चांगले पडले. आता कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा होता. चाचांचे म्हणणे, ‘ज्याचे नाव साऱ्या देशाला माहीत आहे तेच पहिले लिही.’ मामू म्हणाले, ‘मुलीची जात, घराजवळचे बघ.’ अब्बा गप्प होते. ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, “सर, यादीत पहिलं नाव कोणतं लिहायचं, तेच कळत नाही.”

आम्ही शिक्षक, डॉक्टर नाही. पण ‘शिकवणारी जागा कशी ओळखावी’ हा आमच्या रोजच्या कामातला प्रश्न आहे. तिच्यासोबत बसून, ओळखीच्या सर्जनांना आणि शिकत असलेल्या रेसिडेंट डॉक्टरांना विचारून जे समजले, ते इतर घरांच्या उपयोगी पडावे म्हणून इथे मांडत आहोत.

आधी वाट समजून घ्या

आपल्या देशात न्यूरोसर्जन होण्याच्या मुख्य वाटा दोन. पहिली, एमबीबीएसनंतर जनरल सर्जरीत तीन वर्षांचे एमएस आणि मग तीन वर्षांचे एमसीएच. दुसरी, एमबीबीएसनंतर थेट सहा वर्षांचा अभ्यासक्रम. तो एम्ससारख्या काही राष्ट्रीय संस्थांत आहे. या दोन्ही प्रकारे राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डीआरएनबी ही पदवीही घेता येते. तिचे प्रशिक्षण मंडळाने मान्यता दिलेल्या रुग्णालयांत होते, त्यात अनेक खासगी रुग्णालये आहेत. बहुतेक कॉलेजांच्या एमसीएच जागा नीट-एसएसमधून भरतात, तर एम्स, चंदीगडचे पीजीआय, बंगळुरूचे निम्हान्स अशा राष्ट्रीय संस्थांची प्रवेश परीक्षा वेगळी असते.

पसंतीक्रम भरायला मोजके दिवस मिळतात. म्हणून चौकशी निकालानंतर नव्हे, परीक्षेच्या आधीच सुरू करावी.

नाव कुठून येते?

भारतातला पहिला न्यूरोसर्जरी विभाग 1949 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. जेकब चंडी यांनी सुरू केला. मद्रासला डॉ. बी. राममूर्ती, मुंबईत केईएमला डॉ. होमी दस्तूर, दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. एन. टंडन अशा माणसांनी आपापले विभाग शून्यातून उभे केले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांनी पुढे देशभर विभाग काढले. ही नावे मोठी झाली ती कामामुळे.

पण नावलौकिक ही मागच्या पिढीची कमाई असते. विभाग म्हणजे इमारत नव्हे, चार-पाच शिक्षक आणि त्यांची शिस्त. त्यातले दोघे निवृत्त झाले किंवा खासगी रुग्णालयात गेले की पाटी तीच राहते, शिक्षण तेच राहतेच असे नाही. उलट, ज्याचे नाव कोणी घेत नाही अशा सरकारी कॉलेजात एखादा मन लावून शिकवणारा विभागप्रमुख येतो आणि पाच वर्षांत चित्र पालटते. ही खबर लोकांच्या तोंडी यायला आणखी दहा वर्षे लागतात.

सरकारी क्रमवारीचेही तसेच. एनआयआरएफमध्ये वैद्यकीय संस्थांची क्रमवारी 2018 पासून लागते. ती संपूर्ण संस्थेची असते, एकेका विभागाची नसते. शिवाय तिच्यातले 10 टक्के गुण लोकांच्या मनातल्या प्रतिमेला, म्हणजे पुन्हा नावालाच असतात. क्रमवारी जरूर पाहावी, पण न्यूरोसर्जरीच्या थिएटरात रात्री दोन वाजता कोण शिकवते, हे तिच्यातून कळत नाही.

काय विचारावे?

पहिला प्रश्न, शस्त्रक्रिया किती होतात, यापेक्षा शिकणाऱ्याच्या वाट्याला किती येतात? समजा एका विभागात वर्षाला 2000 शस्त्रक्रिया होतात आणि तिन्ही वर्षांचे मिळून 20 रेसिडेंट आहेत. प्रत्येकी 100 झाल्या. दुसरीकडे 700 होतात आणि रेसिडेंट चार. प्रत्येकी 175. भागाकार चौथीच्या मुलालाही येतो, पण प्रवेश घेताना तो कोणी करत नाही.

दुसरा, ‘वाट्याला येतात’ म्हणजे काय? प्रत्येक रेसिडेंटला लॉगबुक ठेवावे लागते. त्यात शस्त्रक्रिया नुसती पाहिली, मदतनीस म्हणून उभे राहिले, शिक्षकांच्या देखरेखीखाली स्वतः केली, की एकट्याने केली, याची नोंद असते. शेवटच्या वर्षाच्या रेसिडेंटने कवटी उघडून रक्ताची गाठ काढणे, मेंदूत साचलेल्या पाण्यासाठी शंट बसवणे, मणक्यातली सरकलेली गादी काढणे ही कामे स्वतः किती वेळा केली, ते विचारावे. काही मोठ्या ठिकाणी प्रशिक्षण संपवून फेलोशिपसाठी आलेले डॉक्टर असतात आणि अवघड शस्त्रक्रिया त्यांच्याकडे जातात. मग रेसिडेंट तीन वर्षे कडेला उभा राहून बाहेर पडतो. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

तिसरा, रुग्ण कोणत्या प्रकारचे येतात? महामार्गाजवळच्या सरकारी रुग्णालयात डोक्याला मार लागलेल्यांची रीघ असते. तिथे आणीबाणीत हात तयार होतो, पण फुगलेल्या रक्तवाहिनीची किंवा कवटीच्या तळाशी असलेल्या गाठीची शस्त्रक्रिया क्वचितच पाहायला मिळते. मोठ्या संस्थेत दुर्मीळ आजार येतात, पण अपघाताचे रुग्ण कमी असू शकतात. पुढे जिल्ह्याच्या गावी काम करायचे की महानगरात, यावरही उत्तर अवलंबून आहे. विभागात जे नाही ते शिकायला रेसिडेंटना दुसरीकडे पाठवतात का, हेही विचारावे.

चौथा, शिक्षक पूर्णवेळ आहेत का? रात्री रेसिडेंटने फोन केला तर वरिष्ठ येतात का? जिथे वरिष्ठ कधीच येत नाहीत तिथे ‘खूप हात मिळतो’ असे अभिमानाने सांगितले जाते. देखरेखीवाचून मिळालेला हात रुग्णाच्या जिवावर शिकलेला असतो. चूक तशीच रुजते, कारण ती दाखवून देणारा कोणी नसतो. ‘हात किती मिळतो?’ आणि ‘शेजारी कोण उभे असते?’ हे दोन प्रश्न नेहमी जोडीने विचारावेत.

पाचवा, रुग्ण दगावला किंवा गुंतागुंत झाली तर विभाग एकत्र बसून त्याची चर्चा करतो का? चांगल्या विभागांत अशी बैठक ठरलेल्या दिवशी होते आणि तिच्यात विभागप्रमुखांच्या रुग्णाचीही चर्चा होते. आमच्या मते ही एक खूण दहा पाट्यांपेक्षा जास्त सांगते.

सहावा, साधने. ऑपरेटिंग मायक्रोस्कोप, एंडोस्कोप, नॅव्हिगेशन आहे का, आणि असेल तर रेसिडेंटला हात लावू देतात का? स्वतंत्र न्यूरो आयसीयू आहे का? रात्री एमआरआय होतो का?

सातवा, माणूस म्हणून वागवतात का? राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या 2023 च्या नियमांत वाजवी कामाचे तास, विश्रांती, आठवड्याची एक सुट्टी आणि वर्षाला किमान 20 दिवसांची पगारी रजा सांगितली आहे. प्रत्यक्षात काय मिळते? मागच्या पाच वर्षांत किती जणांनी मध्येच सोडले? मुली शिकल्या आहेत का? रात्रपाळीला त्यांच्यासाठी कुलूप लागणारी खोली आहे का? मद्रासच्या डॉ. टी. एस. कनका यांनी 1960 च्या दशकात न्यूरोसर्जरीत पाऊल टाकले, तेव्हा आशियात या क्षेत्रात स्त्रिया जवळपास नव्हत्या. आज ‘मुलींना झेपत नाही’ असे म्हणणारा विभाग मुलींविषयी नव्हे, स्वतःविषयीच सांगत असतो.

आणि आठवा, पैसा. विद्यावेतन, फी, बाँड किती वर्षांचा आणि मध्येच सोडल्यास दंड किती, हे कागदावर वाचावे. ज्या घरांना व्याजाचे कर्ज नको आहे त्यांनी तर हा हिशेब सर्वांत आधी मांडावा.

कोणाला विचारावे?

विभागप्रमुखांना भेटावे, पण तेवढ्यावर थांबू नये. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला, नुकत्याच बाहेर पडलेल्याला आणि जमल्यास सोडून गेलेल्यालाही तेच प्रश्न विचारावेत. एकाचे म्हणणे राग किंवा खुशामत असू शकते, तिघांचे जुळले तर त्यात तथ्य असते. शक्य असेल तर परवानगी घेऊन एक दिवस विभागात घालवावा. रेसिडेंटशी वरिष्ठ कसे बोलतात, रुग्णाच्या नातेवाइकाला कोण समजावून सांगते, हे डोळ्यांनी दिसते.

आमच्या विद्यार्थिनीने हेच केले. दोन ठिकाणी ती स्वतः जाऊन आली, बाकीच्यांसाठी फोन केले. शेवटी देशभर नाव असलेल्या एका संस्थेच्या वर तिने एका लहान शहरातले सरकारी कॉलेज लिहिले. तिथे रेसिडेंट कमी होते, मायक्रोस्कोप जुना होता, पण रात्री सर येत होते. चाचा नाराज झाले. तेव्हा अब्बा पहिल्यांदा बोलले, “ऑपरेशन तिला करायचंय भाई, आपल्याला नाही.” आज ती तिथेच शिकते आहे. नॅव्हिगेशन तिथे नाही, त्यासाठी काही आठवडे तिला दुसऱ्या संस्थेत जावे लागणार आहे. तिने हे जाणून निवड केली, म्हणून तक्रार नाही.

आपला वारसा काय सांगतो?

जुन्या मदरशांत इजाजा, म्हणजे शिकवण्याची सनद, संस्था देत नसे, उस्ताद स्वतःच्या नावाने देत असे. कोणत्या इमारतीत शिकलास यापेक्षा कोणापुढे बसून शिकलास, याला वजन होते.

दुसरी गोष्ट बगदादची. इ.स. 931 मध्ये एका वैद्याच्या चुकीने रुग्ण दगावला. तेव्हा खलिफा मुक्तदिर यांनी हुकूम काढला की परीक्षा दिल्याशिवाय कोणी वैद्यकी करू नये. सिनान इब्न साबित यांनी शहरातल्या 860 हून अधिक वैद्यांना तपासले, असे इतिहासकार लिहितात. मात्र ज्यांची कीर्ती होती आणि जे दरबारी सेवेत होते त्यांना सूट मिळाली! हजार वर्षे उलटली तरी आपण तेच करतो. अनोळखी कॉलेजला शंभर प्रश्न विचारतो आणि मोठे नाव आले की परीक्षेतून सूट देतो.

उर्दूत शोहरत आणि हुनर हे दोन वेगळे शब्द आहेत. शोहरत ऐकून कळते, हुनर पाहून. मोठी नावे खोटी नाहीत. त्यांतली कित्येक आजही पुरेपूर खरी आहेत. फक्त तेच प्रश्न त्यांनाही विचारावेत.

हा मामला केवळ डॉक्टरांच्या घरचा नाही. आज जो मुलगा कुठेतरी रेसिडेंट म्हणून रुजू होतो आहे, तोच उद्या मुंबई-गोवा महामार्गावरून आणलेल्या कोणाच्या तरी लेकराच्या डोक्यावर शस्त्रक्रिया करणार आहे. तो जीव त्याच्याकडे अमानत आहे. म्हणून पालकांनी आधी जाणकारांशी मशवरा करावा, मग इस्तिखारा करावा आणि यादी मुलांना स्वतःच्या हाताने भरू द्यावी. अल्लाह तआला आपल्या मुला-मुलींच्या हातात शिफा आणि मनात त्या अमानतीची जाणीव देवो. आमीन.