तीन रंगांत भागत नाही!

फोनवर काढलेल्या फोटोतले रंग बरेचसे अंदाजपंचे दाहोदर्से असतात. सेन्सरवरच्या प्रत्येक ठिपक्यावर एकाच रंगाची गाळणी: लाल, हिरवी नाहीतर निळी. बाकीचे दोन रंग आजूबाजूच्या ठिपक्यांवरून हिशेबाने भरायचे. म्हणजे तिनातले दोन आकडे उसने! ही युक्ती कोडॅकच्या ब्राइस बायर यांची, पेटंट १९७६ चं. त्यात निम्मे ठिपके हिरवे, कारण बारीक तपशील टिपताना आपला डोळा हिरव्याच्या आसपासच्या उजेडावरच जास्त विसंबतो.

लग्नाच्या अल्बमला एवढं पुरतं. पण खडकात कोणतं खनिज आहे किंवा पीक कशाने आजारलंय, हे ओळखायला दहा, पन्नास, कधी दोनशे रंगपट्टे लागतात. त्यासाठीचं यंत्र प्रयोगशाळेत टेबलभर पसरतं. ते खिशात मावेल एवढं करायचा खेळ सध्या जोरात आहे. मात्र इथे फुकट काही मिळत नाही. आकार घटवला की वेळ, स्पष्टता किंवा गणित, यांपैकी कुणाच्या तरी नावावर बिल फाटतंच.

विजयदुर्गावरचा बिनफटीचा कॅमेरा

यंत्राला काट मारायचा खेळ तसा जुना. सिंधुदुर्गातल्या विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि हेलियम इथेच सापडला म्हणून सांगतात. सांगणाऱ्याचा उत्साह मोडवत नाही, पण तारखा जुळत नाहीत. हेलियमच्या शोधाशी जोडलं जाणारं १८६८ च्या ऑगस्टमधलं खग्रास सूर्यग्रहण फ्रान्सच्या जान्सेन यांनी गुंटूरहून पाहिलं. नॉर्मन लॉकयर यांनी सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची, तेव्हा अनोळखी असलेली पिवळी रेघ टिपली त्याच वर्षी ऑक्टोबरात, इंग्लंडातूनच, ग्रहणाशिवाय. विजयदुर्गावर हे ‘साहेब’ आले थेट २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला.

माझ्या मते त्यांनी सोबत आणलेलं यंत्र त्या दंतकथेहून भारी आहे. भिंगापुढे प्रिझम बसवलेला कॅमेरा! एरवी वर्णपट मिळवायचा तर उजेड आधी बारीक फटीतून न्यावा लागतो. ग्रहणात चंद्राआडून डोकावणारी सूर्याची कडा मुळातच बारीक, मग फट हवी कशाला? प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या रंगात त्या कडेची वेगळी कोर प्लेटवर उमटवतं. हेलियमची पिवळ्या जागी, कॅल्शियमची पार जांभळ्या टोकाला. चित्र आणि वर्णपट एका झटक्यात. आजचे काही ‘स्नॅपशॉट’ वर्णपट-कॅमेरे याच वाटेने जातात. एकमेकांवर चढलेल्या प्रतिमा सोडवायला त्यांच्या दिमतीला संगणक असतो, एवढाच फरक.

चंद्राभोवती फिरलेली पाचर

२००८ च्या चांद्रयान-१ वर ‘हायसी’ नावाचा भारतीय कॅमेरा होता, ६४ रंगपट्ट्यांचा. उजेड फोडायला त्यात प्रिझम नव्हता. सेन्सरवर होती फक्त पाचरीसारखी एका टोकाला जाड, दुसऱ्याला पातळ होत गेलेली गाळणी. जाडी बदलली की आरपार जाणारा रंग बदलतो, त्यामुळे सेन्सरच्या प्रत्येक पट्टीच्या वाट्याला वेगळा रंग. यान पुढे सरकत जातं तसा खालचा एकच खड्डा एकामागून एक पट्ट्यांसमोर येतो आणि चौसष्टही रंगांत नोंदला जातो. वजन वाचलं, यंत्र आटोपशीर झालं. बिल फाटलं वेळेच्या नावावर. चंद्र निमूट पडून राहतो म्हणून हे जमतं, धावत्या मांजरावर हा प्रयोग करू नये.

ठिपक्यागणिक आरसे

मांजरासाठी बेल्जियमच्या आयमेक संस्थेचा तोडगा आहे. प्रत्येक ठिपक्याच्या डोक्यावर दोन अर्धपारदर्शक आरसे आणि मधे अतिसूक्ष्म अंतर. ते अंतर जेवढं, त्यावर कोणता रंग आत सोडायचा ते ठरतं. चार गुणिले चारच्या चौकटीत सोळा रंग, तेही एका क्लिकमध्ये. मात्र दोन मेगापिक्सेलच्या सेन्सरमधून एकेका रंगाच्या पदरात पडतात सव्वा लाख ठिपके. फोटो छापून भिंतीवर लावायचा विचार सोडून द्या.

बारा रंगांचा धनी, तरी कच्चाच

मँटिस श्रिंप या समुद्री शिकाऱ्याच्या डोळ्यात रंग टिपणाऱ्या पेशी बारा प्रकारच्या, आपल्याकडे तीन. म्हणून तो रंगांचा बादशहा मानला जायचा. २०१४ मध्ये परीक्षा घेतली तर जवळजवळचे रंग वेगळे ओळखण्यात तो माणसाच्याही मागे निघाला. म्हणजे नुसत्या गाळण्या वाढवून भागत नाही, त्यांचा हिशेबही जमावा लागतो.

समीकरणं सोडवणारे ठिपके

२०१५ मध्ये जिए बाओ आणि मौंगी बावेंडी यांनी क्वांटम डॉट्स नावाच्या अतिसूक्ष्म कणांच्या १९५ गाळण्या वापरून चिमुकला वर्णपटमापक केला. (बावेंडी यांना २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेही क्वांटम डॉट्ससाठीच.) गंमत अशी की यातली एकही गाळणी एकच एक रंग निवडत नाही. प्रत्येकीतून रंगांची वेगवेगळी भेसळ जाते. मग शाळेतली एकसामयिक समीकरणं मदतीला येतात, चलं मात्र दोन नव्हे, ढीगभर. २०१९ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी हाच डाव एकाच नॅनोतारेवर मांडला. तारेची घडण टोकापासून टोकापर्यंत हळूहळू बदलत जाते, त्यामुळे तिचा प्रत्येक तुकडा उजेडाला वेगळा प्रतिसाद देतो. काच जवळपास संपली, सगळा भार आकडेमोडीवर.

खोटच कामाला

२०१६ मध्ये हार्वर्डच्या फेदेरिको कपासो यांच्या गटाने टायटॅनियम डायऑक्साइडच्या अतिसूक्ष्म खांबांचं सपाट भिंग केलं. त्याची खोड एकच, प्रत्येक रंग वेगळ्या जागी एकवटायचा. फोटोसाठी हा दोष, पण रंग वेगळे काढायला आणखी काय हवं? त्याच गटाने पुढे अशाच भिंगांचा इवलासा वर्णपटमापक बनवला.

नको ते दिसलं

२०२० मध्ये वनप्लस ८ प्रो या फोनचा रंग-गाळणीचा कॅमेरा काही पातळ काळ्या प्लॅस्टिकच्या आरपार पाहू लागला. काही कपड्यांच्याही! कारण साधं आहे. डोळ्याला न दिसणारा अवरक्त उजेड अशा वस्तूंतून सहज पार होतो आणि सेन्सरला तो चांगला दिसतो. बोभाटा झाला आणि कंपनीला त्या गाळणीला सॉफ्टवेअरने लगाम घालावा लागला.

बाकीच्या फोनांत हा उजेड अडवायला खास काच असते, पण पुढच्या कॅमेऱ्यात ती बरेचदा ढिलीच. टीव्हीचा रिमोट त्याच्यासमोर धरून बटण दाबा. जांभळट ठिपका लुकलुकला तर तुमच्या फोनला चौथा रंग दिसतो.