मोबाईलला कुलूप लावा, मुलाच्या तोंडाला नको

पोटात दुखते, जेवण जात नाही, रात्री झोप लागत नाही, अशी तक्रार घेऊन जाम परिसरातील एक आई आपल्या दहावीतल्या मुलाला दवाखान्यात घेऊन आली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) जंताचे औषध देऊन झाले होते, टॉनिकच्या दोन बाटल्याही संपल्या होत्या. तपासणीत काही दोष आढळला नाही. आईला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितले, तेव्हा मुलगा रडू लागला.

नवा सिनेमा फुकट बघायला मिळतो म्हणून मित्राने पाठवलेली एक फाईल त्याने वडिलांच्या मोबाईलवर उघडली होती. सिनेमा काही दिसला नाही. तरी त्याने ती फाईल वर्गातल्या चौघांना पाठवून दिली. पुढे त्यातल्या एकाच्या वडिलांना बँकेत पासबुक भरताना कळले की कापसाच्या चुकाऱ्याचे पैसे खात्यातून गेले आहेत. मुलाला सगळे उमगले. पण बाबा मारतील, मोबाईल काढून घेतील, या भीतीने तो नऊ दिवस गप्प राहिला. पोटदुखी होती ती या गुपिताची.

वाचकहो, मुले आपसात काय पाठवतात हा आता आरोग्याचाही प्रश्न झाला आहे.

फाईलमध्ये असते काय?

गाणे, फोटो किंवा व्हिडिओची फाईल वेगळी आणि ॲपची फाईल वेगळी. ॲपच्या फाईलचे नाव शेवटी 'एपीके' या अक्षरांनी संपते. ती उघडून परवानग्या दिल्या की मोबाईलमध्ये नवा कारभारी येऊन बसतो. तो लबाड असेल तर आलेले मेसेज वाचतो आणि बँकेचा ओटीपी परस्पर दुसरीकडे पाठवतो. अशा फायली सिनेमा, लग्नपत्रिका, वाहनाचा दंड, पीएम किसान योजना अशा नावांनी फिरतात. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीच्या एका सरकारी कर्मचाऱ्याने व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून आलेली फाईल उघडली आणि सुमारे १ लाख ९० हजार रुपये गमावले. जिथे मोठी माणसे फसतात, तिथे पंधरा वर्षांच्या मुलाला काय बोल लावावा?

दुसरा धोका फोटोंचा. वर्गातल्या मुलीचा किंवा मुलाचा खाजगी फोटो गंमत म्हणून पुढे पाठवला जातो. १८ वर्षांखालील व्यक्तीचे अश्लील चित्र पाठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब प्रमाणे गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यालाही ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पाठवणारा स्वतः अल्पवयीन असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. ज्याचा फोटो फिरतो त्या मुलाच्या मनावर होणारा घाव तर कोणत्याही दंडाने भरून येत नाही.

घरात करावयाची व्यवस्था

पुढील गोष्टी मुलाला शेजारी बसवून, त्याला कारण सांगत कराव्यात.

१) बँकेचे सिम ज्या मोबाईलमध्ये आहे तो शक्यतो मुलांना देऊ नये. घरात जुना मोबाईल असेल तर तो अभ्यासासाठी द्यावा व त्यात बँकेचे किंवा पैसे पाठवण्याचे ॲप ठेवू नये. एकच मोबाईल असेल तर मोठ्यांच्या डोळ्यांसमोर वापरू द्यावा.

२) सेटिंगमध्ये बाहेरून आलेली ॲप बसवण्याची परवानगी असते. व्हॉट्सॲप, टेलिग्राम, ब्राऊझर या प्रत्येकासाठी ती बंद करावी. प्ले प्रोटेक्ट सुरू ठेवावे. शेअरइट आणि झेंडर या दोन्ही ॲपवर केंद्र सरकारने जून २०२० मध्ये बंदी घातली आहे. त्यांच्या नावाने इकडून तिकडून मिळणाऱ्या फायली घेऊ नयेत.

३) मुलाचा स्वतःचा अँड्रॉइड मोबाईल असेल तर गुगलचे फॅमिली लिंक हे मोफत ॲप उपयोगी पडते. प्ले स्टोअरमधून कोणते ॲप घ्यायचे याची मंजुरी पालकांच्या मोबाईलवर येते, वापराची वेळही ठरवता येते. आयफोनमध्ये स्क्रीन टाइम ही तशीच सोय आहे. मात्र व्हॉट्सॲपवर कोणी काय पाठवले हे फॅमिली लिंक सांगत नाही.

४) व्हॉट्सॲपमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवून घेणे बंद करावे. ग्रुपमध्ये कोणी सामील करावे, तिथे फक्त ओळखीचे लोक ठेवावेत. 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये अनोळखी यंत्र दिसल्यास काढून टाकावे.

५) जवळच्या मोबाईलवर फाईल पाठवणारी क्विक शेअर ही सोय 'सर्वांसाठी' खुली ठेवू नये. नागपूर-हैदराबाद महामार्गावरून जिथे चंद्रपूरचा रस्ता फुटतो, त्या आपल्या जामच्या चौरस्त्यावर मुले एसटीची वाट पाहत उभी असतात. अशा गर्दीत अनोळखी माणूसही फाईल पुढे करू शकतो. तिथे फक्त ओळखीचे क्रमांक निवडावेत.

६) रात्री सर्वांचे मोबाईल एकाच खोलीत, मुलांच्या अंथरुणापासून दूर चार्जिंगला लावावेत. १३ ते १८ वयाच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते.

कुलपाची मर्यादा

हे सारे केले तरी मित्राचा मोबाईल आहेच, दुसऱ्याचा हॉटस्पॉटही आहेच. कुमारवयात मोह आवरणारा मेंदूचा भाग पूर्ण तयार झालेला नसतो. तो पंचविशीच्या आसपास पक्का होतो. म्हणून चूक होणार हे धरून चालावे. चोरून मेसेज वाचल्याने किंवा मारल्याने मुले सुधारत नाहीत, लपवायला शिकतात. पालकांनी एक वचन मात्र द्यावे: "चूक झाली तर लगेच सांग. सांगितल्याबद्दल मार मिळणार नाही."

नियम मोठ्यांनाही लागू असावा. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ मध्ये संध्याकाळी ७ ला भोंगा वाजला की साडेआठपर्यंत मोबाईल-टीव्ही बंद ठेवायचे ठरले, ते साऱ्या गावाने. ओसरीवर बाप रील पाहत बसला असेल तर मुलाला सांगून काय उपयोग?

फाईल उघडली गेली तर

मोबाईलचा डेटा आणि वायफाय ताबडतोब बंद करावे. दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे. तक्रार जितकी लवकर, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता अधिक. पुरावा म्हणून मेसेज पुसू नये, आणि ती फाईल ज्यांना पाठवली त्यांना सावध करावे. फोटोवरून कोणी धमकावत असेल तर पैसे देऊ नयेत. १९३० किंवा मुलांसाठीच्या १०९८ वर बोलावे.

झोप उडणे, भूक मरणे, चिडचिड, फोन वाजताच दचकणे, शाळा टाळणे ही लक्षणे दोन आठवडे टिकली तर डॉक्टरांना दाखवावे. जीव नकोसा झाल्याची भाषा आली तर एक दिवसही थांबू नये. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय व सावंगी मेघे येथील रुग्णालयात मानसोपचार विभाग आहेत.

त्या मुलाने आईवडिलांना माझ्यासमोरच सगळे सांगितले. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मित्राच्या घरी फोन लावला. ती फाईल आणखी तिघांच्या घरी होती, ते वेळीच सावध झाले. पोटदुखीसाठी कोणतेही औषध लिहून द्यावे लागले नाही.